सोलांज पारातचा एक थेंब

सोलांज पारातने एकतीस वर्षं घड्याळांना तेल घातलं. एवढंच काम. घड्याळ जोडायचं दुसऱ्या कुणी, वेळ लावायची तिसऱ्याने, पट्टा अडकवायचा चौथ्याने. सोलांजच्या एका डोळ्याला भिंग, हातात केसाएवढी बारीक सळई आणि समोर काचेच्या इवल्याशा वाटीत तेल. सळईच्या टोकावर जो थेंब बसायचा तो भिंगाशिवाय दिसायचाही नाही. कमी पडला तर चाक घासून खराब होणार, जास्त पडला तर तेल पसरून भलतीकडे जाणार. सोलांजचा थेंब ना कमी पडायचा, ना जास्त. दुसऱ्या कारखान्यातले लोक तो बघायला येऊन गेले होते आणि ती त्यांच्याशी एक अक्षर न बोलता काम करत राहिली होती.

कारखाना आमच्या डोंगरावरच्या गावातच होता. दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांखाली आम्ही अकरा बायका बसायचो. माझी जागा तिच्या शेजारची. माझं काम हलकं. बिघडून परत आलेली घड्याळं खोलायची आणि सुटे भाग धुवून पुढे द्यायचे.

"उगेत, तू भांडी घासतेस, स्वयंपाक मी करते," ती मला म्हणायची. मी वाईट वाटून घेत नसे. ती साहेबांनाही असंच बोलायची.

तिचा नवरा फेर्नां चीजच्या डेअरीत होता. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्याच्या आयुष्यातलं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं: "एवढं तेल हाताळते, पण जिभेला कधी थेंब लावला नाही."

अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतात कारखान्यात तिबो कालाम आला. तळ्याकाठच्या नशातेल शहरातला इंजिनिअर. वय एकोणतीस, बूट शहरी, डोंगरावरच्या चिखलाशी त्यांची ओळख नव्हती. आमच्या खात्याचे प्रमुख मस्यू एरार यांनी आम्हा अकराजणींना कँटीनमध्ये बसवलं आणि कालामने खिशातून एक डबी काढली. डबीत एक दातेरी चाक होतं, घड्याळाची टिकटिक ज्यातून येते ते. आमची चाकं चांदीसारखी चमकायची. हे काळपट होतं, चुलीतून काढल्यासारखं.

"आपण चाकाला तेल का घालतो?" कालामने मास्तरांच्या सुरात विचारलं.

"आम्हाला त्याचा पगार मिळतो म्हणून," सोलांज म्हणाली.

बायका हसल्या. कालामने हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि सांगायला लागला. या चाकाचे दाते माणकाच्या खड्यावर दिवसाला सात लाख वेळा घासतात. तेल चार-पाच वर्षांत घट्ट होतं, धूळ धरतं, आणि मग घड्याळ रेंगाळतं. त्याने चाकावर एक थर चढवला होता. हवा काढून घेतलेल्या भांड्यात धातू आणि कार्बनची वाफ चाकावर बसवायची. थराची जाडी केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी.

"हा थर पोलादापेक्षा कडक आहे," तो म्हणाला. "त्यामुळे खडा त्यात रुतत नाही. पण नुसता कडक असता तर त्याने खड्यालाच खाल्लं असतं. म्हणून कडकपणाच्या आत निसरडेपणा ठेवलाय. शिसपेन्सिल कागदावर का चालते? तिच्यातले पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून. इथेही तसंच. पहिल्या काही दिवसांत थर थोडासा झिजतो, ती पूड समोरच्या खड्यावर चिकटून बसते. मग थरावर त्याचाच थर घासतो, मध्ये परकं कुणी राहत नाही. तिथून पुढे झीज जवळजवळ थांबते. तेल लागतच नाही."

"म्हणजे आधी झिजायचं आणि मग आयुष्यभर गुपचूप घसरत राहायचं," सोलांज म्हणाली. "मस्यू, याला आमच्याकडे लग्न म्हणतात."

या वेळी एरारही हसले. कालाम हसला नाही, त्याचं लग्न व्हायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "मादाम, तुम्हाला पटेल. दोन वर्षं द्या."

"कोरडी वस्तू मरते," सोलांज म्हणाली. "माझी आई असंच म्हणायची. तिला कुणाला काही विकायचं नव्हतं, म्हणून खरं बोलायची."

पुढे जे झालं त्याचं श्रेय एरारसाहेबांच्या हुशारीला द्यायला हवं. वीस घड्याळांत काळी चाकं बसवून ती काचेच्या कपाटात चालू ठेवायची ठरली आणि रोज सकाळी प्रत्येकाची नोंद घ्यायला कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. एरार म्हणाले, कोरड्या घड्याळाला जी बाई सगळ्यात जास्त नावं ठेवते तिच्याच ताब्यात किल्ली द्या. म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की लाड केले.

किल्ली सोलांजकडे आली. रोज आठ वाजता ती कपाट उघडायची, एकेक घड्याळ यंत्राच्या कानाशी धरायची. यंत्र टिकटिक ऐकून आतल्या हेलकावणाऱ्या चाकाचा झोका किती मोठा आहे ते अंशांत सांगायचं. झोका मोठा म्हणजे घड्याळ मोकळेपणी चालतंय, लहान म्हणजे कुठेतरी घासतंय. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे झोके पडले. सोलांज खुशीत होती. दुसऱ्या आठवड्यात ते वर चढले आणि दोनशे पंच्याऐंशीच्या आसपास जाऊन स्थिरावले. सोलांजची खुशी गेली, पण आकडा तिने जसा होता तसाच लिहिला. एका अंशाचीही गडबड केली नाही. हे मी शेजारी बसून पाहत होते.

चौदा नंबरचं घड्याळ मात्र मागे राहिलं. इतरांचा झोका दोनशे पंच्याऐंशी, त्याचा दोनशे बासष्ट. महिना गेला, दोन गेले, ते तिथेच. चालत होतं, थांबत नव्हतं, फक्त जरा मान खाली घालून. सोलांज त्याच्यापाशी इतरांपेक्षा जास्त वेळ काढायला लागली.

"तहान लागलीय त्याला," ती एकदा म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला नाही. तू तुझी भांडी घास."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आम्ही सगळ्या जेवायला गेलो. मी चष्मा विसरले म्हणून परत आले. सोलांज जागेवर होती. चौदा नंबर तिच्यासमोर उघडं पडलं होतं आणि तिच्या हातात सळई होती. तिने वर पाहिलं नाही. मी चष्मा घेतला आणि खाली गेले. त्या दिवशी कँटीनमध्ये बटाटे आणि सॉसेज होतं. मी दोनदा वाढून घेतलं आणि बोलले मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी चौदाचा झोका दोनशे एक्याऐंशी. सोलांजने नोंद केली आणि दिवसभर तिचा चेहरा असा होता की बाळंतपण यशस्वी करून आलेली सुईणच. कालामने आकडा पाहिला आणि तोही खूश झाला. त्याने वहीत लिहिलं, "उशिरा का होईना, थर बसला."

सात आठवडे गेले. मग चौदा नंबर घसरायला लागलं. दोनशे सत्तर, दोनशे पन्नास, दोनशे एकतीस. डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी ते थांबलेलं सापडलं. उरलेली एकोणीस कोरडी घड्याळं मजेत चालली होती आणि ज्याला पाणी पाजलं तेच मेलं होतं.

सोलांजने स्वतः जाऊन कालामला सांगितलं, "चौदा थांबलंय." त्यापुढे काही नाही.

नियम असा होता की तपासणीच्या आधी घड्याळ खोलून सुटे भाग धुवायचे. ते काम माझं. मी चाक भिंगाखाली धरलं. दात्यांवर काळा चिखल होता. झिजलेली पूड तेलात मळून त्याचा लेप झाला होता, आणि जी पूड खड्यावर चिकटून बसायला हवी होती ती त्या लेपात तरंगत दात्यांनाच घासत होती. तीन दात्यांच्या मुळाशी तेलाची चमक होती. तेल कोणतं हेही मी सांगू शकले असते, त्याचा थेंब असा गोल कोण घालतं हेही.

सोलांज शेजारी बसून दुसऱ्या घड्याळावर काम करत होती. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. पण सळई हवेत थांबली होती, आणि इतक्या वर्षांत मी ती तशी थांबलेली कधी पाहिली नव्हती.

आम्ही अकराजणी होतो. कोरडं घड्याळ यशस्वी झालं तर अकराजणींचं काय होणार हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. मी चाक धुतलं. दोनदा धुतलं. मग नियमाप्रमाणे डबीत घालून कालामकडे पाठवलं.

सळई पुन्हा खाली आली.

"धुतलंस?" तिने विचारलं.

"माझं कामच ते."

आमचं या विषयावर पुढची बारा वर्षं एवढंच बोलणं झालं.

आता कालामने हात टेकायला हवे होते. वीसपैकी एक थांबलं, कारण सापडत नाही, साहेब लोक कंटाळले, प्रकल्प बंद, अशी आमची अटकळ. पण कारण न सापडणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. तो चार महिने खोलीत कोंडून घेऊन बसला. धुतलेल्या चाकात त्याला तेल सापडायचं कारण नव्हतं, म्हणून त्याने दुसरं काहीतरी शोधलं. आणि दुर्दैव असं की ते खरंच होतं. दात्यांच्या कडांवर थर नीट धरत नव्हता. बारीक टवके निघत होते. मग त्याने चांगली चालणारी एकोणीस घड्याळंही खोलली. सातांच्या चाकांवर तसेच टवके निघायला सुरुवात झाली होती. ती अजून तीन-चार वर्षं चालली असती आणि मग गिऱ्हाइकांच्या मनगटावर, जगभर, एकेक करून थांबली असती.

त्याने निदान लिहिलं. टवके निघाले, दमट हवेत त्यांचा लेप झाला असणार, लेपाने चाक धरलं असणार. उपायही लिहिला. कडक थराच्या खाली क्रोमचा एक पातळ थर आधी द्यायचा, म्हणजे वरचा पोलादाला घट्ट धरून राहील. नव्या चाकांची वीस घड्याळं पुन्हा कपाटात गेली. दोन वर्षं चालली. एकही मागे राहिलं नाही, एकही थांबलं नाही. त्यांची नोंदही सोलांजनेच घेतली. या खेपेला कुणालाही तहान लागली नाही.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, जरा वेगळ्याच विषयावर बोलत असताना ती मला म्हणाली, "मी हात लावला नसता ना, तर ते जुन्या थरासकट बाजारात गेलं असतं आणि चार वर्षांत तोंडावर आपटलं असतं." ती थांबली. "आपल्याला मग पुन्हा बोलावलं असतं त्यांनी."

दोन हजार दोनमध्ये तेलाचं खातं आटोपलं. या चाकासाठी तर तेल लागेनासं झालंच, उरलेल्या दोन-तीन ठिकाणी यंत्र तेल घालू लागलं. तिघींनी लवकर निवृत्ती घेतली. तिघी खडे बसवण्याच्या खात्यात गेल्या. दोघी दरीपलीकडच्या कारखान्यात, एक बहिणीच्या बेकरीत. माझे दिवस अर्ध्यावर आले, कारण घड्याळं बिघडून परत येईनाशी झाली. एरारसाहेबांनी प्रत्येकीला स्वतः बोलावून सांगितलं, तेवढा भला माणूस होता. सगळ्या म्हणत होत्या, चौदा नंबर थांबलं तेव्हा वाटलं होतं आपण वाचलो. मी मान हलवायची.

सोलांजला कालामने मागून घेतलं. काळ्या चाकांचे टवके शोधायला त्याला डोळा हवा होता. म्हणून तिच्यासमोर तेलाच्या वाटीच्या जागी सूक्ष्मदर्शक आला आणि ज्या थराने तिचं काम खाल्लं त्याच थराची ती पहारेकरी झाली. तिच्या हातून एकही खराब चाक सुटलं नाही. उलट चांगली म्हणून आलेली चाकं ती परत पाठवायची, वर चिठ्ठी लावून: "याला तुम्ही कडा म्हणता?" थर चढवणारी मुलं तिला टरकून असायची. कालाम तिच्या चिठ्ठ्या जपून ठेवायचा.

दोन हजार दहाच्या सप्टेंबरात ती चौसष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. कँटीनमध्ये निरोप होता. पांढरी वाइन, साईचा केक, फिरत्या पात्याने कातरलेली चीजची फुलं. चीज फेर्नांच्या डेअरीतलं, म्हणून तो त्याच्याजवळच उभा. निवृत्त झालेले एरार आले होते, जुन्या अकराजणींतल्या सात आल्या होत्या. कालाम आता तांत्रिक विभागाचा संचालक होता, डोक्यावर केस कमी आणि पायांत डोंगरी बूट. भाषण त्याने केलं.

चौदा नंबरची गोष्ट तो जगभर सांगत हिंडला होता हे आम्हाला तेव्हा कळलं. व्हिएन्नात, ओसाकात, कुठे कुठे. एका अपयशाने आम्हाला कसं शिकवलं, असं त्याचं व्याख्यानच होतं. शेवटी तो सोलांजकडे वळला.

"आणि हे अपयश आम्हाला कळलं ते मादाम पारातच्या प्रामाणिकपणामुळे. त्यांचं स्वतःचं काम जाणार होतं, तरी त्यांनी एक आकडा खोटा लिहिला नाही."

टाळ्या झाल्या. सोलांजने ग्लास टेबलावर ठेवला.

"आकडे खरेच होते," ती म्हणाली. "फक्त मी त्यात तेल घातलं होतं."

सगळं कँटीन हसलं. एरार सगळ्यात मोठ्याने. म्हाताऱ्या वयातही जीभ तीच, असं कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या. एकतीस वर्षं थेंब घालणाऱ्या बाईने शेवटच्या दिवशी तेलावर विनोद केला, याहून शोभणारं काय? कालाम हसला नाही, मीही हसले नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

कोट अडकवायच्या खोलीत त्याने आम्हाला गाठलं.

"मादाम, खरं सांगा. विनोद होता ना?"

"मी विनोद करत नाही. लोक हसतात, त्याला मी काय करू?"

कालामचा चेहरा पडला. मला वाटलं आता हा ओरडणार. त्याने खिशातून पेन काढलं.

"किती दाते?"

"तीन."

"किती तेल?"

"माझा नेहमीचा थेंब."

"केव्हा?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"तसं नाही. घड्याळ किती दिवस चालल्यावर?"

"पाचव्या महिन्यात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आणि चाक मी दोनदा धुतलं होतं."

त्याने तेही लिहून घेतलं.

"बारा वर्षं मी लोकांना सांगतोय की दमट हवेमुळे झालं," तो हळूच म्हणाला.

"हवा दमट होतीच की," सोलांज म्हणाली. "नोव्हेंबर होता."

घरी जाताना तिने माझा हात धरला. पूर्वी कधी धरला नव्हता. "का केलंस गं तेव्हा?" मी विचारलं. "त्याची कीव आली म्हणून की आपल्यासाठी?"

"मला माहीत असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं," ती म्हणाली. "त्या घड्याळाची कीव आली हे नक्की. पण ते मेलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हेही नक्की."

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस एका शनिवारी कालाम तिच्या घरी आला. सोलांजने मलाही बोलावून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून की आधार म्हणून, तिने सांगितलं नाही. फेर्नां ओट्यापाशी रानातले मशरूम साफ करत होता. कालामने कागद पसरले. त्याने पुन्हा जुन्या पद्धतीची चाकं बनवली होती, तिच्या मापाचा थेंब घालून चालवली होती, मग नव्या पद्धतीचीही.

"जुन्या थरावर तुमचा थेंब घातकच होता," तो म्हणाला. "चाळीसपैकी एकतीस चाकं अडली. पूड खड्यावर बसायच्या ऐवजी तेलात गेली. माझं दमट हवेचं निदान चूक होतं. टवक्यांचं बरोबर होतं, पण ते मला योगायोगाने सापडलं."

सोलांजने मान हलवली. ती खूश होती असं म्हणायला हरकत नाही.

"आणि नव्या थरावर?"

"नव्या थरावर काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फरकच पडत नाही. तेल घाला, नका घालू, झोका तेवढाच. थर इतका घट्ट धरतो की पूडच नावापुरती निघते."

सोलांजने कागद ओढून डोळ्यांजवळ नेला. गुन्हा कबूल करताना तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"माझ्या थेंबाने काही फरक पडत नाही हे सांगायला तुम्ही एवढा डोंगर चढून आलात?"

"मादाम, तसं नव्हे..."

"घातक होता ते बरं होतं."

कालामने पसरलेले कागद गोळा केले. मग त्याने खाली बघून खरं कारण सांगितलं. त्याला आपली चूक छापून दुरुस्त करायची होती. त्यासाठी तिची परवानगी हवी होती. नाव न देता, "एका अनुभवी कामगाराने" असं लिहिता येईल, तो म्हणाला.

"नाव द्या," सोलांज म्हणाली. "पूर्ण द्या. पारातमध्ये शेवटी दोन टी आहेत."

"हो, मला माहीत आहे."

"माहीत असलेली माणसंच एक खातात."

तो जेवायला थांबला. मशरूम मलईत शिजवले होते, त्याने पाव घेऊन ताट पुसून काढलं आणि सोलांजने त्याला न विचारता परत वाढलं. बोलणं त्याच्या मुलीच्या शाळेवर गेलं आणि मग बर्फ या वर्षी लवकर पडेल का यावर.

दुरुस्ती पुढच्या मार्चमध्ये छापून आली, दोन पानांची, झीज आणि घर्षण यांवरच्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात. आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हती. खाली आभारांत तिचं नाव होतं, एका टीने. सोलांजने संपादकांना पत्र लिहिलं, रजिस्टर केलं. उत्तर आलं नाही तेव्हा दुसरं लिहिलं. फेर्नांने ते पोस्टात टाकलं आणि येताना मला रस्त्यात भेटला. कुठे गेला होतास, मी विचारलं.

"पोस्टात. थर काही बसला नाही, बायको अजून घासतेय," तो म्हणाला आणि पुढे गेला.